पोटाचं माप

सरकती खिडकी कितीही मोठी घ्या, उघडते अर्धीच. उरलेली काच पहिल्या काचेमागे जाऊन उभी राहते.

पोहा पापड तळला की दुप्पट होतो.

रोह्याहून पेणला यायचं तर नागोठणं मध्ये लागतं. पाऊस लागून राहिला की नागोठण्यात रस्ता कुठला आणि अंबा नदी कुठली, हे म्हशींनाही सांगता येत नाही.

भिंत सामाईक असली की खिळा एकाचा असतो आणि टोक दुसऱ्याचं.

शाडूच्या गणपतीला हात मागाहून लावतात.

एक सागवानी दार, दोन फळ्यांचं, पितळी कड्यांसकट, सध्या अलिबागकडच्या एका बंगल्यात जेवणाचं टेबल होऊन आडवं पडलं आहे. वर काच टाकली आहे. कड्या खालून पाहुण्यांच्या गुडघ्यांना लागतात.

आता गोष्ट.

*

पेणमध्ये एका आळीत सहा घरं खांद्याला खांदा लावून उभी आहेत. गुणाजी जांभळेच्या आजोबांनी ती एका दमात बांधली. दोन घरांच्या मध्ये दोन भिंती बांधणं त्यांना पटलं नाही, म्हणून सगळ्या भिंती सामाईक. एका घरात मिरचीची फोडणी पडली की सहाही घरं शिंकतात. एका घरात भांडण लागलं की बाकीची पाच घरं भांड्यांचा आवाज न करता जेवतात.

तिसऱ्या घरात गुणाजी. पुढच्या मोठ्या खोलीत गणपतीचा कारखाना, मागच्या दोन खोल्यांत बायको हौसा, मुलगा प्रणित आणि सून भूमिका यांच्यासह संसार. पेणमध्ये कारखाना म्हटलं की कोणी धुरांडं शोधत नाही. माती, काथ्या आणि रंगाचे डबे असले की झालं.

चौथ्या घरात त्याचा चुलत भाऊ काळुराम. त्याच्या दारावर पाटी: 'काळुराम जांभळे. पोहा पापड, मिरगुंड, फेण्या.' त्याच्या बायकोच्या, इंदुबाईच्या, हाताखाली चार बायका दिवसभर पापडाचं पीठ कुटतात. पूर्वी ही दोन घरं एकच होती आणि मधल्या भिंतीत ये-जा करायला समोरच्याएवढंच मोठं दार होतं. वाटणी झाली तेव्हा ते विटांनी बुजवलं, वरून गिलावा केला, आणि दोन्ही बाजूंच्या मंडळींनी आपापल्या बाजूने त्याला पाठ टेकून बसायला सुरुवात केली.

अकरा वर्षांपूर्वी काळुरामने त्या भिंतीवर कॅलेंडर लावायला खिळा ठोकला, आणि भिंतीच्या या बाजूला गुणाजीच्या फळीवरच्या एका गणपतीची सोंड पडली. त्या दिवसापासून दोन्ही भावांचं बोलणं बंद. सोंड संध्याकाळी चिकटवली. बोलणं काही चिकटलं नाही. बायकांचं बोलणं मात्र चालू होतं, कारण ते बंद करायला त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

*

गुणाजीचा जीव एका गणपतीत होता. रोह्याच्या नवतरुण मित्र मंडळाचा शाडूचा गणपती, साडेचार फुटी. आधी त्याच्या बापाने केला, मग त्याने. मंडपाच्या तोंडाशी फ्लेक्स लागतो. त्यावर हात जोडलेले पुढारी, कोणाकोणाचे वाढदिवस, एक व्यायामशाळा, आणि अगदी तळाला, जिथे बकऱ्या अंग घासतात त्या उंचीवर, 'मूर्तिकार : गुणाजी जांभळे, पेण'. ही ओळ वाचायला गुणाजी दर वर्षी एसटीने रोह्याला जायचा. आधी ओळ वाचायचा, मग देवाला नमस्कार करायचा. क्रम हाच.

यंदा मंडळाचा अध्यक्ष बदलला. गोविंदा. मंडळाच्या नावातलं 'नवतरुण' ज्याला शोभेल असा हा इतक्या वर्षांतला पहिलाच.

"काका," त्याने होळीच्या सुमारास फोन केला, "तिकडे जोह्याला प्लास्टरचा सहा फुटी मिळतो. हलका. दोघं उचलतात. तुमचा उचलायला आठ जण लागतात, आणि नंतर आठही जण मिरवणुकीत कंबर धरून नाचतात."

"माझा शाडूचा हाय."

"ते हाय हो. पण दिसतो दरवर्षीसारखाच. लोकांना वाटतं आम्ही गेल्या वर्षीचाच पुसून बसवला. यंदा कायतरी दणका द्या. नायतर पुढच्या वर्षी पोरं जोह्याला जातील, मग मला नका बोलू."

पाठोपाठ त्याने फोटो धाडला. गणपतीचे वरचे दोन्ही हात आडवे, ताठ, दोन्ही बाजूंना पार पसरलेले. गुणाजीने चष्मा पुसून पाहिला.

"काय गो हौसा, हा देव कायला असा उभा हाय?"

हौसाने पाहिलं. ती नातेवाइकांकडे गेली की पुरुषांबरोबर क्रिकेट बघत बसायची. "अंपायर वाइड देतो तसा हाय."

पेणचा गणपती वरचे हात कोपरात दुमडून कानाशी धरतो. तसा तो पिढ्यान्‌पिढ्या धरत आला. पण फ्लेक्सवरच्या एका ओळीसाठी माणूस काय काय कबूल करतो. गुणाजीने 'हो' म्हटलं, आणि हातांचं काम आषाढात बघू म्हणून फोनमधला फोटो फोनमध्येच ठेवून धडाला लागला.

*

दारं-खिडक्यांचं खूळ प्रणितचं. तो नागोठण्याच्या बाजूला कंपनीत होता. रात्रीची शिफ्ट करून सकाळी घरी येऊन आडवा झाला की भिंतीपलीकडून इंदुबाईच्या बायकांचं धप्प धप्प सुरू. समोर पोरांचा ढोल. खिडक्यांची दारं मिटायची नाहीत, मिटली तर उघडायची नाहीत. पावसाळ्यात पुढचं दार फुगायचं, मग भूमिका कंबरेचा धक्का मारून ते उघडायची.

"आमच्या साहेबांकडं बसवलेत," प्रणित म्हणाला. "यूपीव्हीसी. प्लॅस्टिकच, पण जर्मन टेक्नॉलॉजी. आतून लावलं की बाहेर जग हाय का नाय, कळत नाय."

"ते आपल्याला कळायला नको व्हय?" हौसा म्हणाली.

"आई, तुम्ही एकदा त्यांच्या बाथरूमची खिडकी बघा," भूमिका म्हणाली. बाथरूमची खिडकी बघायला कोणी कोणाकडे जातं का, हे हौसा पुढे दोन दिवस स्वतःशी बोलत होती.

मे महिन्यात हर्षद आला. रोह्याला त्याचं शोरूम. उकाड्यात टाय, हातात टॅबलेट, आणि पेणच्या उंबरठ्यावर उभं राहून सबंध जुन्या जगाकडे दयेने बघण्याची एक पद्धत. त्याने सागवानी दार बोटाने वाजवलं.

"वाळवी?"

"नाय," गुणाजी म्हणाला.

"लागेल," हर्षद म्हणाला. "आमची फ्रेम बघा, काका. एकदा बसली की घरासोबतच जाते. उद्या भूकंप आला तर घर पडेल, फ्रेम उभी राहील."

"मग आम्ही काय फ्रेमीत ऱ्हायचं?"

हर्षद हसला नाही. त्याने भोक मोजलं. जुनं दार साडेचार फुटांचं. "एवढं मोठं दार आता कोणी करत नाही. स्टँडर्ड तीन फूट घेऊ. बाजूला उरेल तिथे काचेचं पॅनल, फिक्स. उजेड येईल. चौकट वजा जाता वाट मिळेल दोन फूट नऊ इंच." मग कोण्या ट्रेनिंगमध्ये शिकवल्यासारखं त्याने विचारलं, "घरातून बाहेर जाणारी सगळ्यात मोठी वस्तू कोणती? फ्रिज? कपाट?"

"गणपती," सगळे एका सुरात म्हणाले.

आणि म्हणून या घरात माप घेतलंच नाही, असं कोणी म्हणू शकत नाही. घेतलं. कोपऱ्यात रोह्याचा गणपती बसलेला होता. ओला, करडा, पोट सुटलेला, आणि खांद्याच्या जागी काथ्या बाहेर आलेला. गुणाजीने टेप कोणाला दिली नाही. ही गोष्ट दुसऱ्यावर सोडायची नसते.

"पोटाचं माप घ्यायचं," तो हर्षदला समजावून सांगू लागला, कारण हर्षद रोह्याचा, त्याला काय कळणार. "कान, सोंड, मुकुट, हात... सगळं पोटाच्या आत बसतं. पोट गेलं की सगळं जातं. माझ्या बापानं मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं." त्याने मांडीपासून मांडीपर्यंत पोटावरून टेप धरली. "दोन फूट सात. दोन इंच उरतात तुझ्या दारात."

"परफेक्ट," हर्षद म्हणाला.

"अनुभव," गुणाजी म्हणाला.

जुनं दार टेम्पोत चढलं तेव्हा गुणाजी भिंतीकडे तोंड करून मूर्तीच्या पाठीवरून ओला कुंचला फिरवत होता. पाठ आधीच गुळगुळीत होती.

*

माहितीपत्रकातील वैशिष्ट्ये, अनुभवासह:

आवाज येत नाही. खरं होतं. पुढच्या दारातून, खिडक्यांतून एक कण आवाज येईना. प्रणित असा झोपला की त्याची दुसऱ्या दिवशीची शिफ्ट हुकली. गॅसवाला दार बडवून परत गेला. पाचव्या घरातली म्हातारी वारली ते हौसाला तिसऱ्या दिवशी कळलं, आणि कळल्यावर तिथे रडायला जावं की आम्हाला का नाही सांगितलं म्हणून भांडायला, हे तिला ठरवता येईना. मधल्या भिंतीतून इंदुबाईचं धप्प धप्प मात्र तसंच येत राहिलं. भिंत जर्मन नव्हती.

धूळ येत नाही. हेही खरं. पण या घरातली धूळ बाहेरून येतच नव्हती, ती इथेच तयार व्हायची. पूर्वी दारातून निघून जायची. आता तिला वाट राहिली नाही. रोज संध्याकाळी सगळे जण मूर्तींसारखे करडे दिसायचे.

वारा येत नाही. इथे खरी पंचाईत झाली. शाडूला सावली लागते आणि वारा लागतो. खिडक्या सरकत्या, म्हणजे अर्ध्याच उघडायच्या, आणि त्या अर्ध्यातही मच्छरदाणी. गणपती सुकेनात. पहिल्यांदा एक टेबलफॅन आला, मग तीन. सोंडांच्या टोकांना भूमिका स्वतःचा केस वाळवायचा ड्रायर लावून बसायची. "बघा," प्रणित म्हणायचा, "नियंत्रित हवा." वीज गेली की नियंत्रण जायचं.

उंबरठा नाही. पत्रकात याला 'झिरो थ्रेशोल्ड' म्हटलं होतं आणि पुढे चाकाच्या खुर्चीचं चित्र होतं. हौसाने पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर हळदीकुंकू वाहिलं. ते पुसलं जात नव्हतं, आणि पट्टी धुतली की जास्तच पसरायचं. पहिल्या आठवड्यात दाराने कपाळ फोडून घेतल्यासारखं दिसू लागलं.

*

आषाढात हात लागले.

गुणाजीने फोनमधला फोटो समोर ठेवून, तारेवर काथ्या गुंडाळून, दोन्ही हात खांद्यातून आडवे काढले. एका हातात परशू, दुसऱ्यात पाश. सुरेख झाले. इतके सुरेख की सबंध आळी काचेतून नाक लावून बघून गेली. श्रावणात रंग चढला. शेवटी आखणी, म्हणजे डोळे. त्या दिवशी गुणाजी कोणाशी बोलत नाही आणि त्याच्याशी बोललेलं त्याला खपत नाही.

पेणमधली ही सगळी जाणती माणसं. चार-चार पिढ्या गणपती घडवणारी. कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही? सोपं आहे. गणपतीकडे तोंड केलं की दार पाठीमागे येतं.

*

चतुर्थीला दोन दिवस होते. सकाळपासून पाऊस. गोविंदा टेम्पो घेऊन आला. सोबत आठ उचलणारे, दोन ढोल, आणि एक व्हिडिओवाला.

"चला काका, लवकर. नागोठण्याला पाणी चढतंय. दुपारनंतर रस्ता बंद."

पाटाखाली पाइपचे तुकडे घातले. गणपती बाप्पा मोरया! गणपती घरंगळत दाराशी आला. पोट दारासमोर आलं. दोन इंच उरत होते. गुणाजीने सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं.

मग डाव्या बाजूला पाश काचेला टेकला आणि उजव्या बाजूला परशू चौकटीला.

सगळे थांबले. ढोलही थांबला.

"आडवा करा," कोणीतरी म्हणालं. आडवा केला. आता पुढचा मोदकाचा हात, मांडीपुढचा उंदीर आणि पाठीमागचं सिंहासन मिळून भरलं तीन फुटांच्या वर. तिरका करायचा प्रश्नच नव्हता. शाडू तिरका झाला की मनगटात मोडतो. खिडकी बघितली. उघडते अर्धीच. मागचं दार बघितलं. त्यापुढे गटाराची बोळ, तिथून हौसाच तिरकी जाते.

"हात काढा," गोविंदा म्हणाला. "तिकडे गेल्यावर फेविकॉलने लावू."

"डोळे काढलेत मी," गुणाजी म्हणाला. "ते बघतायत. बघणाऱ्याचे हात तोडू?"

"बाबा, प्राणप्रतिष्ठा कुठं झालीय अजून?" प्रणित म्हणाला. "टेक्निकली ती मूर्ती हाय."

हौसाने त्याच्याकडे असं बघितलं की पुढचं टेक्निकली त्याने गिळलं.

"मग दार काढा!"

हे ऐकल्याबरोबर प्रणित उडी मारून दारापुढे उभा राहिला. दोन्ही हात आडवे, ताठ, पार पसरलेले. "हात लावायचा नाय! फ्रेम निघत नाय! बसली की घरासोबतच जाते! दहा वर्षांची वॉरंटी हाय, एक चरा पडला तरी रद्द!"

"घ्या," हौसा म्हणाली. "आता घरात दोन अंपायर झाले."

हर्षदला फोन लावला. बंद. तो गणपतीला गावी गेला होता, जसं सगळं जग जातं. गोविंदा एका बाजूला जाऊन हळू आवाजात बोलत होता. पण खोली अशी बंद होती की हळू आवाजाला जायला जागाच नव्हती. "जोह्याला एक सहा फुटी शिल्लक हाय का? हो, हो, आत्ताच. नाय, अडकलाय. दारात. काय सांगू."

गुणाजीला बकऱ्यांच्या उंचीवरची ती ओळ दिसली. कोणीतरी तिच्यावरून ओला बोळा फिरवत होतं.

हौसाने मधल्या भिंतीवर मूठ वाजवली. विटांनी बुजवलेल्या जागी आवाज पोकळ येतो. पुढचं तिने सांगायची गरज नव्हती. एकाच वाटेने गणपती जाणार होता: भिंतीतून काळुरामच्या घरात, आणि काळुरामच्या जुन्या, रुंद दारातून बाहेर. त्यासाठी आधी एका माणसाला तोंड उघडावं लागणार होतं.

*

काळुरामचं दार नेहमीसारखं उघडं होतं. दोन फळ्या भिंतींना टेकलेल्या, एकीला वाळवीची नक्षी. आत काळुराम पापड निवडत बसला होता.

"काळू."

"इंदू, ऐकलंस का गो? भिंतीला कंठ फुटला."

"दार पायजे तुझं."

"माझं?" काळुरामने एक पापड उजेडात धरून त्यातून भावाकडे बघितलं. "ह्याला पावसात कंबर मारावी लागते, दादा. तुझं जर्मन हाय ना?"

"देव अडकलाय, काळू."

"देव कुठं अडकलाय? देवाचं पोट तर जातंय. हात अडकलेत." अर्थात त्याने सगळं ऐकलं होतं. "अनुभव," तो म्हणाला, गुणाजीच्याच आवाजात, मे महिन्यातल्या.

गुणाजी उभा राहिला. पावसाचं पाणी त्याच्या टाळूवरून नाकावर येत होतं.

"देतो," काळुराम म्हणाला. "पण पहिला घाव तू घालायचा. आणि माझ्या बाजूनं. त्या खिळ्याच्या जागी."

"बरं."

"आणि गणपती माझ्या घरात थांबेल. इंदू ओवाळील. माझ्या घरातून देव पहिल्यांदाच बाहेर पडणार हाय, असा चोरासारखा नाय जायचा."

"बरं," गुणाजी म्हणाला. त्याला वाटलं, स्वस्तात सुटलो.

खिळा होता तसाच होता. त्यावर कॅलेंडरही होतं, जुन्याच वर्षाचं. काळुरामने ते बदललं नव्हतं. नवं लावायला खिळा हलवावा लागला असता, आणि मग लोक म्हणाले असते, काळुराम नमला. गुणाजीने छिन्नी टेकवली आणि हातोडा मारला. पलीकडे फळीवरून काहीतरी पडल्याचा आवाज आला. कोणी बघायला गेलं नाही.

मग आठही जण तुटून पडले. गिलावा गेला, विटा निघाल्या, वर जुन्या दाराची लाकडी गणेशपट्टी उघडी पडली. तिच्याकडे बघून कोणी डोळे पुसले नाहीत. नागोठण्याला पाणी चढत होतं. इंदुबाईच्या बायका पापडांवर लुगडी टाकत पळत होत्या. काळुरामकडची धूळ उघड्या दारातून निघून गेली. गुणाजीकडची धूळ, वैशिष्ट्य दुसरं, तिथेच थांबली.

गणपती प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला. पाइपवरून घरंगळत तो भिंतीतून गेला. परशूला विटेचा एक कपचासुद्धा लागला नाही. गुणाजी मागे राहून कागदाचं विटेत अडकलेलं टोक सोडवत होता. ते सुटलं तोवर पलीकडे वाट मोकळी करायला पोरांनी भोकासमोर विटांचा ढीग रचून टाकला होता. तेव्हा तो वळला आणि आपल्याच दाराने बाहेर पडायला गेला.

दार लागलेलं होतं. हे दार उघडायचं तर मूठ आधी वर उचलायची, मग खाली दाबायची, मग ओढायचं. भूमिकाला जमतं. गुणाजीच्या हाताला चुना, घाम आणि शाडू. मूठ वर जाईना.

बाजूला काचेचं पॅनल होतं. फिक्स. उजेड येण्यासाठी.

त्यातून त्याला दिसलं: काळुरामच्या दारातून गणपती बाहेर येत होता, दोन्ही हात पसरून, आणि दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरत होती. वर पाटी, पोहा पापड, मिरगुंड, फेण्या. दारावर झेंडूचं तोरण; इंदुबाईने ते कधी बांधलं कोण जाणे. पितळी कड्या पावसात चमकत होत्या. व्हिडिओवाला गणपतीला सोडून दाराचेच फोटो घेत होता, गुडघ्यावर बसून, वाळवीची नक्षी जवळून. गोविंदाने काळुरामला काहीतरी विचारलं. काळुरामने हात वर करून दोन्ही पंजे उघडले, मग पुन्हा, मग पुन्हा. शंभरपर्यंत जाणार असावा. दार सत्तर वर्षांचं होतं. गुणाजीचंही तेवढंच होतं. दोन्ही एकाच झाडाची.

गोविंदाने आणखी काही विचारलं. काळुराम एवढंच म्हणाला, "आम्ही जांभळे." हे इंदुबाईने हौसाला नंतर सांगितलं. गुणाजीला ऐकू आलं नाही. त्याला फक्त काळुरामचे ओठ हललेले दिसले, आणि मग काळुरामच्या खांद्यावर शाल पडली, नारळ हातात आला, आणि सगळे हसले.

गुणाजी ओरडला. "अरे मी! मी केलाय! माझा हाय तो!" त्याने काच बडवली. दोन पदरी काच. बाहेर एका पोराने मागे वळून पाहिलं, काचेत धुळीने माखलेला म्हातारा हात हलवतोय असं त्याला दिसलं, आणि त्याने अगत्याने हात हलवून निरोप दिला.

आवाज येत नाही, हे खरं होतं. जातही नाही, हे पत्रकात नव्हतं.

भूमिकाने मागून येऊन मूठ वर उचलली. तोवर टेम्पो आळीच्या तोंडाशी वळला होता.

*

तिसऱ्या दिवशी गुणाजी एसटीने रोह्याला गेला. फ्लेक्स मोठा होता. त्यावर यंदा एक दार होतं, पूर्ण उंचीचं, आणि दारात शाल पांघरलेला काळुराम. ओळ तळाला नव्हती. बकऱ्यांच्या कितीतरी वर होती. 'शंभर वर्षांच्या दारातून, परंपरेचा वारसा. मूर्तिकार : काळुराम जांभळे, पेण.'

गोविंदा मंडपातच होता. गुणाजीने त्याला सगळं सांगितलं.

"काका, मला माहीत हाय हो," गोविंदा म्हणाला. "पण व्हिडिओ त्या दाराचा चाललाय. लोक लांबून विचारतायत, हे दार कुठलं. आता मी त्यांना काय सांगू, की मूर्तिकार शेजारच्या प्लॅस्टिकच्या दारात राहतो?"

गुणाजी मखरासमोर उभा राहिला. समोर त्याचाच गणपती, त्यानेच काढलेल्या डोळ्यांनी बघत, दोन्ही हात आडवे पसरून बसला होता.

वाइड.

नमस्कार करायचा राहिलाच. एसटीत बसल्यावर, नागोठण्याला, आठवलं.

पुढच्या वर्षीची ऑर्डर दिवाळीतच आली. काळुरामला. तो भिंतीतल्या भोकातून आत आला. भोक बुजवायला कोणाला वेळ झाला नव्हता, तिथे हौसाने जुन्या लुगड्याचा पडदा लावला होता.

"दादा, मला माती मळता येत नाय. तू कर. दार मी देतो."

"आणि नाव?"

"नाव काय," काळुराम म्हणाला, "दोघांचं जांभळेच."

गुणाजीने नाही म्हणायला तोंड उघडलं. मग त्याने कोपऱ्यातली रिकामी जागा बघितली, तिथला पाट बघितला. दुसऱ्या दिवशी शाडूची पोती आली. काळुरामच्या दारातून.

आळीतल्या उरलेल्या चार घरांनी एकेक करून पांढरी दारं बसवून घेतली. काळुरामच्या दारासमोर आता रविवारी लोक फोटो काढायला येतात आणि जाताना पापड नेतात. प्रणित म्हणतो, भिंतीतल्या भोकाला पडदा बरा दिसत नाही, तिथे सरकतं दार बसवू. हर्षद माप घ्यायला येऊन गेला. गुणाजीने टेप हातात घेतली नाही.

पुढच्या दाराची चौकट मे महिन्यात आठ स्क्रूंवर बसवली होती. स्क्रूंवर पांढरी टोपणं आहेत, ती नखाने निघतात. मग स्क्रू, मग चौकट.